एक मिनिट कोणी बोलायचं नाही

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. जाळीचं डोकं, पोटात लोहचुंबक आणि त्याच्यासमोर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा, एवढाच माझा संसार. डोक्याला एका बाजूला पोचा आहे. भाषण रंगात आल्यावर एका सरपंचांनी मला टेबलावर आपटलं, त्याचा तो पोचा. भाषण आता कुणालाच आठवत नाही. पोचा मात्र अजून तसाच आहे.

सध्या माझा मुक्काम तांदळाच्या डब्यात असतो. हसू नका. मी तिथे कसा पोचलो, तेच तर सांगायला बसलो आहे.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मला महिपतीने विकत घेतलं. रोह्याला कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की अष्टमी नावाचं गाव लागतं. तिथे त्याचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. एसटीत त्याने मला फळीवर ठेवलं नाही, नव्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. शेजारच्या बाईने विचारलं, “बाळ हाय का?” महिपती म्हणाला, “बाळच हाय. पण रडत नाय, रडवतो.”

त्यानंतर रोह्यापासून पेणपर्यंत एकही मांडव माझ्यावाचून उभा राहिला नाही. बारशी, लग्नं, गणपती, शाळेची गॅदरिंग, निवडणुका, हरवलेली पोरं, सापडलेल्या चपला. मित्रांनो, माणसं ओळखायची असतील तर माझ्या जागी उभं राहून बघा. काही जण आधी फुंकर मारतात, जणू मी चुलीतला विस्तव आहे. काही टकटक करतात, जणू आत कोणी राहतं. काही मला गिळायला निघतात आणि काही हातभर लांब उभे राहून “ऐकू येत नाय” म्हणून महिपतीवरच डाफरतात. त्यात माझाही एक दोष असा, की मला दूरचं ऐकू येत नाही. माझ्याशी बोलायचं तर जवळच यावं लागतं.

पण खरी गंमत वेगळीच. माझ्यासमोर आला की माणूस बदलतो. घरी बायकोला “चाय टाक” म्हणणारा इथे “चहापानाचा आस्वाद घ्यावा” म्हणतो. भांडखोर बाई “माझ्या बंधू आणि भगिनींनो” म्हणते आणि तेच बंधू मागच्या रांगेत दचकतात. मी सगळ्यांचे आवाज मोठे केले. खरा आवाज मात्र फार थोड्यांचा माझ्या वाट्याला आला.

पुढे बिनवायरचे माईक आले. गुळगुळीत, चकचकीत, आणि वायर नसल्यामुळे कुठेही हिंडणारे. माझी रवानगी दुकानातल्या खिळ्यावर झाली. “असू दे म्हातारा,” महिपती म्हणायचा, “कधी अडलं तर.” अडत काही नव्हतं. माझ्या जाळीत एका कोळ्याने घर केलं. निदान त्याने फुंकर तरी मारली नाही.

मग एके दिवशी महिपतीची भाची दुकानात आली. तिचं नाव मैना. महिपतीची बहीण चंद्रावती पेणच्या बाजूला, गडबवरून आत गेलं की खाडीच्या अंगाला एक गाव आहे, तिथे दिलेली. घरचे सगळे मिठागरात राबणारे. आणि ही मैना मुंबईतल्या एका विद्यापीठात मीडिया प्रॉडक्शन शिकत होती.

“मीडिया प्रॉडक्शन म्हणजे लग्नाची शूटिंगच ना?” महिपतीने विचारलं. “ती तर आपला केरू न शिकता करतो.”

“मामा, केरूच्या कॅसेटीत नवऱ्याचं डोकं कापलेलं असतं.”

“लग्न झाल्यावर नवऱ्याला डोकं कशाला लागतं?”

दोघं हसली. पण मैनाचा चेहरा पुन्हा उतरला. तिचं शेवटचं वर्ष होतं आणि शेवटची फिल्म करायची होती. विषय तिचा तिनेच निवडला होता: मिठागर आणि तिथे मीठ ओढणारी तिची आई. चित्रं तर छान आली होती. आईचा आवाजही घेतला होता. विद्यापीठातल्या मॅडमनी फिल्म बघितली आणि एवढंच विचारलं, “आईचं भाषण उत्तम आहे. पण आई कुठे आहे?”

कारण कॅमेरा लावून माईक तोंडासमोर धरताच चंद्रावतीबाई ताठ झाल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, “मीठ हे मानवी जीवनात अत्यंत उपयुक्त आहे.”

आता मिठाचा हंगाम उतरणीला लागला होता. वाफे रिकामे झाले की पुढच्या वर्षापर्यंत मिठागरात चित्रीकरण करण्यासारखं काही उरत नाही. विद्यापीठाचे चांगले माईक दुसऱ्या मुलांनी आधीच नेले होते. नवीन आवाज मिळाला नाही तर फिल्म तशीच जाणार होती, आईवाचून.

महिपतीने मला खिळ्यावरून काढलं, कोळ्याला बाहेरचा रस्ता दाखवला आणि माझ्यासोबत मांडवाची लांबलचक वायरही दिली. “म्हातारा हाय,” तो म्हणाला, “पण जवळ बसवलंस तर खोटं ऐकत नाय.” इतक्या वर्षांत माझं एवढंच कौतुक झालं, पण मला ते पुरलं.

मित्रांनो, मिठागर मी पहिल्यांदाच बघत होतो. आरशासारखे पाण्याचे वाफे आणि बांधावर पांढऱ्या राशी. मैनाने मला आईसमोर धरलं. चंद्रावतीने पदर सावरला, घसा खाकरला आणि डोळे क्षितिजावर लावले.

“आये, माझ्याशी बोल ना. नेहमीसारखी.”

“नेहमीसारखीच बोलतंव,” चंद्रावती म्हणाली आणि लगेच सुरू झाली, “आमच्या मिठागरामध्ये आम्ही सर्व महिला भगिनी...”

शेजारी मैनाची काकी जनी बसली होती, चंद्रावतीची धाकटी जाव. ती पदर तोंडात घालून हसायला लागली. “वयनी, आता झेंडा पन फडकव.”

चंद्रावतीने तिला कोपर मारलं. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मैनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मला खाली घेतलं आणि म्हणाली, “राहू दे. निदान शांतता तरी घेऊन जाते.”

“काय घेऊन जातंस?” जनीने विचारलं.

तर मित्रांनो, हे या धंद्यातलं एक गुपित आहे. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. फिल्म जोडताना दोन बोलण्यांच्या मध्ये त्या जागेची शांतता अंथरावी लागते, नाहीतर आवाजाला भोकं पडल्यासारखी वाटतात. म्हणून सगळ्यांना गप्प बसवून तिथली नुसती शांतता भरून घेतात. मैनाने काकीला हे समजावून सांगितलं.

“म्हंजे त्या मुंबैत शांतता पन मिलत नाय?” जनी म्हणाली. “गोनीत भरून ने गो बाय.”

“एक मिनिट कोणी बोलायचं नाही. हलायचंही नाही, पायाखाली मीठ करकरतं. मी तिकडे शेडमध्ये जाते. हात वर केला की गप्प.”

एका उलट्या घमेल्यावर टॉवेल टाकून तिने मला दोन जावांच्या मध्ये ठेवलं आणि वायर सोडत सोडत बांधावरून शेडपर्यंत गेली. कानावर हेडफोन लावून तिने रेकॉर्डर सुरू केला. पिना घट्ट बसल्यात का, वायर नीट आहे का, ते बघत ती वाकून उभी होती. हात अजून वर गेला नव्हता.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. चंद्रावती लाऊडस्पीकरवाल्याची बहीण. लहानपणापासून तिला माईकचं एकच शास्त्र ठाऊक होतं: माईक चालू असला की भोंगा वाजतो. इथे भोंगा नव्हता. म्हणजे माईक बंद. शिवाय मी तोंडासमोरही नव्हतो, तिच्या गुडघ्यापाशी पडलो होतो.

“बोल ना गो तिच्यासंगं सरल,” जनी हळूच म्हणाली. “पोर रडवेली झाली.”

“काय बोलू?” चंद्रावतीचा आवाज एकदम खाली आला. आणि मित्रांनो, माझा पडदा थरथरला. हा आवाज मी आधी ऐकलाच नव्हता. “मना नाय येत ना तिच्या कालेजासारखा. तिथल्या पोरी हसतील. मना हसल्या तर हसू दे गो. तिला हसतील.”

“कशाला हसतील?”

“हसल्यान एकदा. मी फोनवर बोलत होते, तर तिच्या मागं कोनतरी पोर हसली. माजा बोलना ऐकून. तवापासून मी फोन लवकर ठेवतंव. तिला वाटतंय, आये रागावली, शिकायला गेले म्हनून. वाटू दे.”

शेडमध्ये मैना सरळ झाली. तिचा हात वर गेलाच नाही.

चंद्रावतीने समोरच्या वाफ्याकडे बोट केलं. “त्यो बघ. आताच सायीसारखा धरलाय. आता मीठ ओढायची फली घातली तर मिठासंगं चिखल येल. नाय घालायची. वारा हाय, ऊन हाय, आपसूक दाना धरतो. पोरीचा पन तसाच. घाईनं ओढली तर काय हाती येल? जाऊ दे शिकायला. दाना धरल तवा येल.”

“आनि नाय आली तर?”

“नाय आली तर तिकरं खारट करल सगल्यांना,” चंद्रावती म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की मी घमेल्यावरून घसरता घसरता राहिलो.

मैना बांधावरून परत येत होती. मीठ करकरत होतं. रेकॉर्डर तिच्या छातीशी होता. मला वाटलं, आता ही गप्प राहील. हवं ते तिला मिळालं होतं. आवाज घेऊन मुंबईला जायचं, फिल्मला लावायचा, झालं. माणसं असं करतात, मी पाहिलं आहे. पण मैनाने हेडफोन काढले आणि आईच्या कानांवर ठेवले.

चंद्रावती ऐकत राहिली. “ही कोन बोलतंय?”

“तू.”

“मी अशी बोलतंव?”

“रोज.”

शेवटपर्यंत ऐकून चंद्रावतीने हेडफोन काढले. तिचा चेहरा लाल झाला होता. “भोंगा नाय, काय नाय, आनि माईक चालू? फसवलंस मना. पूस त्यो.”

“फसवलं नाही गो आये. मी वायर बघत होते.” मैनाचा अंगठा बटणावर गेला. “पण तू म्हणशील तर पुसते. आत्ताच पुसते.”

आता मित्रांनो, त्या अंगठ्याखाली तिचं सगळं वर्ष होतं. तिने अंगठा हलवला नाही, काढलाही नाही. आईकडे बघत राहिली.

“थांब गो!” जनीने हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावले. “मना पन ऐकव आदी.” ऐकता ऐकता ती पुन्हा त्याच जागी हसली. मग चंद्रावतीला म्हणाली, “वयनी, खरा सांगू? त्या भाषनात तू मेल्यासारखी वाटतंस. यात जिती हायस.”

चंद्रावती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने मीठ टोकरत राहिली. मग मैनाला म्हणाली, “त्यो फोनचा तेवरा काढता येल?”

“येईल.”

“त्यो काढ. बाकीचा राहू दे. आनि शेवटचा हसना पन राहू दे. जनी बरी हसलीय.”

विद्यापीठात ज्याला संकलन म्हणतात आणि जे शिकायला वर्ष जातं, ते असंच असावं: काय ठेवायचं आणि काय घरातच राहू द्यायचं. मैनाने आईचा हात धरला. “फोनवर हसणारी ती पोर तुला हसली नव्हती,” ती सांगायला लागली आणि मध्येच थांबली. मग म्हणाली, “नाही आये. हसली होती. मीच तेव्हा काही बोलले नाही.”

“आता बोल मंग,” चंद्रावती म्हणाली. तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं. “आनि तुजी शांतता राहिली ना?”

राहिलीच होती. मैना पुन्हा शेडमध्ये गेली. या वेळी हात वर गेला आणि दोन्ही जावा अशा गप्प बसल्या की त्यांना ओळखणाऱ्याला काळजीच वाटावी. बांधाला पाणी हळूच लागत होतं. चंद्रावतीच्या बांगडीचा एक बारीक आवाज आला. तो मैनाने फिल्ममधून काढला नाही.

फिल्म विद्यापीठाच्या सभागृहात दाखवली, तेव्हा मी मैनाच्या पिशवीत होतो आणि पिशवी चंद्रावतीच्या मांडीवर होती. “खारट करल सगल्यांना” हे वाक्य आलं आणि सगळं सभागृह हसलं. पिशवीवरची चंद्रावतीची बोटं आधी आवळली, मग हळूहळू सैल झाली. हसण्याहसण्यातला फरक तिलाही कळला.

शेवटी मॅडमनी तिला पुढे बोलावलं आणि एक चकचकीत बिनवायरचा माईक हाती दिला. जनी मागून कुजबुजली, “मेली आता. बंधू आनि भगिनी सुरू.” चंद्रावतीने पदर सावरला, घसा खाकरला. मग माईककडे बघून म्हणाली, “मना बोलायचा होता त्यो त्यात बोलले. आता तुमी बोला. मी ऐकतंव.” आणि माईक परत देऊन खाली येऊन बसली.

मी महिपतीकडे परत गेलो नाही. “त्याला तिकडेच राहू दे,” तो म्हणाला. मैना नोकरीला मुंबईत आहे, कामासाठी लागलो तर मला घेऊन जाते. एरवी मी चंद्रावतीच्या घरी असतो. खाडीच्या खाऱ्या हवेने माझी जाळी गंजायला लागली, तेव्हा तिने मला पुसलं, फडक्यात बांधलं आणि कोरड्या तांदळाच्या डब्यात ठेवलं. जिने जन्मभर मीठ ओढलं, तिला मिठापासून काय जपायचं ते बरोबर कळतं.

तर मित्रांनो, कधी माझा एखादा भाऊबंद तुमच्या हाती आला, तर त्याच्यावर फुंकर मारू नका, त्याला ठोकू नका, काम झालं की पुसून कोरड्या जागी ठेवा. आणि कुणी आपल्या घरच्या बोलीत बोलत असेल, तर जरा जवळ जाऊन ऐका. तो आवाज मोठा करण्याची गरज नसते. तो फक्त मध्येच कुणाच्या हसण्याने बंद पडू नये.

आता बास करतो. फोन वाजतोय. मैनाचा असणार. हल्ली चंद्रावती फोन लवकर ठेवत नाही. “आये, ठेव आता, कामावर जायचंय” असं मैनालाच म्हणावं लागतं. मला दूरचं ऐकू येत नाही, हे तर तुम्हाला सांगितलंच. पण डब्याचं झाकण घट्ट बसलेलं असूनही चंद्रावतीचा शब्द न् शब्द मला ऐकू येतो.