चावीच्या पोटातला पत्रा

मित्रांनो, चावी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दात असलेलं लोखंड येतं. मी तशी नाही. मी एक जुनी, काळी, मुठीत मावणारी गाडीची चावी आहे आणि मला दात नाहीत. माझं सगळं काम बोलण्याचं. मला घेऊन कुणी गाडीजवळ गेलं की मी गाडीशी बोलते, ती मला ओळखते, दार उघडते आणि इंजिन सुरू होऊ देते. माझा आवाज माणसांना मात्र ऐकू येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्यावर जो प्रसंग गुदरला तो या एका गोष्टीपायी गुदरला.

कारखान्यात माझ्याबरोबर माझी जुळी बहीणही जन्मली. पोटात बारीक तारांचं वेटोळं, नाण्याएवढा एक सेल, अडीअडचणीला दार उघडायला दडवलेलं एक लोखंडी पातं आणि वर प्लास्टिकचं झाकण, एवढाच आमचा संसार. एका उंच पिकअप गाडीबरोबर आम्ही दोघी दक्षिण थायलंडातल्या एका नदीकाठच्या गावी आलो. बहीण गेली रचनीच्या नवऱ्याच्या खिशात. तो भर समुद्रात तेलाच्या मनोऱ्यावर कामाला आहे, महिना महिना घरी नसतो. मी आले रचनीच्या ॲप्रनच्या खिशात, आणि तिचीच झाले.

रचनीचं भात-आमटीचं दुकान होतं. पहाटे बाजारातून मासळी आणायची, उजाडायच्या आत आमट्या चुलीवर चढवायच्या. तिच्या बोटांची हळद माझ्या बटणांच्या फटींत जाऊन बसली. आंबवलेल्या माशांच्या आमटीचा वास माझ्या अंगाला असा चिकटला की गल्लीतली मांजरं माझ्यामागे लागत. दार उघडायच्या बटणावरचं चित्र तर केव्हाच पुसून गेलं. पण कधी एकदाही मी तिला अडवलं नाही. "माझ्या घरात सांगितलेलं पहिल्या फटक्यात ऐकणारी ही एकटीच," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा!

घरात रचनीची आई होती, थोंगबाय. तिच्या अंगावरून वारं गेलं आणि दोन्ही पाय गेले. जीभ मात्र शाबूत राहिली. पलंगावर बसल्या बसल्या ती आमटीच्या नुसत्या वासावरून ओरडायची, "रचने, मीठ कमी पडलंय गं!" आणि मीठ खरंच कमी असायचं.

आमच्या गावाची एक रीत आहे. नदी फुगू लागली की पालिका निशाण लावते. पिवळं लागलं की सामान माळ्यावर चढवायचं. लाल लागलं की गाडी काढायची आणि थेट उड्डाणपुलावर नेऊन उभी करायची. मग पुलावर गाड्यांची जत्रा भरते. लोक तिथेच जेवतात, पोरं गाड्यांच्या टपावर झोपतात. पाणी उतरेपर्यंत तेच गाव.

त्या सकाळी पिवळं निशाण होतं. रचनी तांदळाची पोती माळ्यावर चढवत होती आणि मी पलंगाशेजारच्या फळीवर पडले होते. थोंगबायने मला उचललं. उशीखालून तिने एक पातळ सोनेरी पत्रा काढला. विहारातल्या म्हाताऱ्या भंतेंनी त्यावर यंत्र कोरलं होतं, मंत्र फुंकला होता. तिने एका नाण्याने माझं झाकण उचकटलं, पत्रा दुमडून माझ्या तारांच्या वेटोळ्यावर ठेवला आणि झाकण दाबून बसवलं. मग मला दोन्ही हातांत धरून म्हणाली, "माझ्या लेकीला सांभाळ गं बाई. पाण्यापावसाची एकटी गाडी हाकते."

अशा प्रेमाने माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. आणि त्याच घडीला माझं तोंड बांधलं गेलं! धातूच्या पत्र्यातून माझा आवाज बाहेर जात नाही हो, मित्रांनो. त्या माउलीला हे कोण सांगणार?

थोड्या वेळाने भोंगा वाजला. लाल निशाण लागलं. रचनीने आईची औषधांची पिशवी काखेत मारली, मला घेऊन अंगणात धावली आणि बटण दाबलं. गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. मला दाराला चिकटवून दाबलं.

"अगं उघड ना! आजच काय धाड भरली तुला?"

मी "उघड"च म्हणत होते! मी घसा फोडून ओरडत होते. पण माझं मलाच ऐकू येत होतं.

शेजारचे सवांगकाका पाण्यातून फटक फटक करत आले. ते फेरीबोटीवर तांडेल होते, आता घरीच असायचे. त्यांच्याकडे गाडी नव्हती, सल्ले मात्र पिंपभर होते.

"आण इकडे. यंत्राला धाक लागतो," असं म्हणून त्यांनी मला आपल्या मांडीवर आपटून दोन सणसणीत रट्टे दिले. "आमचा टीव्ही असाच चालतो." मग मला हनुवटीखाली धरलं आणि तोंड वासून बटण दाबलं. भाच्याने सांगितलं होतं म्हणे, असं केलं की लांबवर पोचतं. माझा आवाज वीतभर पोचत नव्हता, तर लांब कुठला!

शेवटी रचनीने माझ्या कडेचं लोखंडी पातं ओढून काढलं आणि दार उघडलं. गाडीला वाटलं चोर शिरला. ती भोकाड पसरून कोकलू लागली. रचनीने पिशवी पुढच्या सीटवर टाकली, स्टीअरिंगमागे बसली आणि इंजिनाचं बटण दाबलं. समोर अक्षरं उमटली, चावी सापडत नाही.

मी तिच्या हातात होते! हातात असून सापडत नाही! मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

रचनीने नवऱ्याला फोन लावला. वाऱ्याच्या घोंघाटातून तो ओरडला, "सेल गेला असेल! बदल! आणि चावी बटणाला टेकवून—" पुढे फोन तुटला, तो परत लागेना.

आता सेल कुठून आणायचा? दुकानं तर बंद. थोंगबाय आतून ओरडली, "माझ्या साखर बघायच्या यंत्रातला काढ. तसलाच आहे."

"आणि तुझी साखर?"

"आज जगले तर उद्या साखर. काढ मुकाट्याने!"

सवांगकाकांनी पलंगाच्या कडेवर बसून माझं झाकण उघडलं. आला, उजेड आला! मित्रांनो, मला वाटलं, सुटले. काकांनी पत्रा पाहिला, चटकन हात जोडले आणि पत्रा उचलून कपाळाला लावला.

"ताई, हे तुम्ही ठेवलंत?"

"भंतेंनी दिलाय. हिला वाटेत काही होऊ नये म्हणून."

"बरं केलंत. आज हाच तारणार आपल्याला." त्यांनी सेल बदलला. मग पत्रा पुन्हा माझ्या तारांवर ठेवला. "जरा वाकडा बसला होता, म्हणून अडत असेल," असं म्हणत त्यांनी अंगठ्याने तो चांगला दाबून सपाट केला, कानाकोपऱ्यापर्यंत.

आता तर कुजबुजही बाहेर पडेना.

रचनीने मला बटणाला टेकवलं. दाबलं. उलटं करून टेकवलं. ॲप्रनला पुसून टेकवलं. तीच अक्षरं आली. पाणी आता उंबऱ्यावरून घरात शिरत होतं. तिने स्टीअरिंगवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. अडकलेल्यांना काढणाऱ्या पालिकेच्या होडीवाल्यांना फोन केला, तर तिकडून बाई म्हणाली, नाव लिहून घेतलंय, पण आधी दवाखाना रिकामा करतोय.

काका आणि रचनीने थोंगबायला उचलून बघितलं. पलंगापासून दारापर्यंत आले आणि काकांना तिला खुर्चीत टेकवावं लागलं.

"ताई, पुलापर्यंत नाही जमायचं हो."

"लेकीच्या हातचं खाऊन बसलेय, वजन कसं कमी होईल?" थोंगबाय म्हणाली. तिला परत पलंगावर ठेवलं. पलंगाचे पाय पाण्यात होते.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "रचने, चावीतला पत्रा काढ."

"कशाला?"

"तुझ्या गळ्यात घाल. बुडणाऱ्या गाडीला राखण कशाला? तू काकांबरोबर चालत पुलावर जा. पाणी कमरेला लागायच्या आत जा. मी इथे बसते. होडी येईल."

"आणि नाही आली तर?"

"पत्रा काढ आधी."

"मी नाही काढणार! तुला सोडून जाणार नाही आणि आजच्या दिवशी तो मंत्रलेला पत्राही काढणार नाही. अपशकुन करू?"

काढ गं! काढ गं, बाई! मी पोटातून टाहो फोडत होते. आई मरणाचं बोलत होती, लेक रडत होती, आणि दोघींचा जीव माझ्या एका शब्दावर अडला होता. तो शब्द माझ्यापाशी होता, हो! नुसता बाहेर येत नव्हता. एवढा लाचार जन्म वैऱ्यालाही मिळू नये.

"मी तुझी आई आहे," थोंगबाय म्हणाली. "एवढं शेवटचं ऐक."

रचनीने झाकण उघडलं. पत्रा काढला. थोंगबायने मनगटाचा पांढरा मंत्रदोरा सोडवला, पत्रा त्यात गुंडाळून लेकीच्या गळ्यात बांधला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रचनीने आईच्या निर्जीव पावलांवर कपाळ टेकलं. ती बराच वेळ उठेना. शेवटी काकांनीच तिला दंडाला धरून उठवलं.

"औषधं गाडीत राहिली," ती नाक पुसत म्हणाली. "तेवढी तिच्या उशाशी ठेवते." माझं झाकण लावून तिने सवयीने मला खिशात टाकलं आणि पाणी तुडवत गाडीकडे निघाली.

मी बोलले. एवढंच म्हणाले, मी आहे.

गाडी कोकलायची थांबली. दिवे चमकले. रचनी जागीच खिळली. मग धडपडत आत शिरली, बटण दाबलं, आणि इंजिन घरघरलं.

"आई! आई गं!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

तिने गाडी उलटी घेऊन पार ओट्याला भिडवली. थोंगबायला खुर्चीत बसवून दोघांनी ओट्यापर्यंत ओढलं, सीटवर सरकवलं. गल्लीतून निघालो तेव्हा पाणी दारांना लागत होतं, पण आमची गाडी उंच. आम्ही पुलावर पोचलो.

पुलावर सवांगकाका ज्याला त्याला सांगत सुटले. "पत्रा हिच्या गळ्यात पडला मात्र, गाडी आपली आपण सुरू! असा मंत्र!" लोक रचनीच्या गळ्यापुढे हात जोडू लागले. मी काय बोलणार? बोलले तरी ऐकणार कोण?

आणि मग, मित्रांनो, रचनीने दोरा सोडला. "पत्रा पुन्हा चावीतच ठेवते," ती म्हणाली. "तिच्यात होता म्हणून गाडी राहिली, आपण राहिलो." काका म्हणाले, "ठेव, ठेव." तिने माझं झाकण उघडलं. म्हणजे पुन्हा माझं तोंड बांधलं जाणार!

"चावीत नको," थोंगबाय मागे डोकं टेकून म्हणाली. "चावीला काय होतंय? गेली तर दुसरी मिळेल. मला लेक दुसरी मिळायची नाही. बांध गळ्यात."

आयुष्यभर मला कोणी हलकं लेखलं की वाईट वाटायचं. त्या दिवशी नाही वाटलं. म्हातारीचं बोलणं खरं होतं. मी कुठेही मिळते.

म्हणून मित्रांनो, माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या गाडीची चावी अडली तर तिला रट्टे मारू नका. सेल बदला, आणि झाकण उघडलंच आहे तर माझ्या पोटात होतं तसं तिच्या पोटात काही ठेवलंय का तेही बघा. जे असेल ते काढा. ते कितीही पवित्र असो, ते ज्या माणसासाठी ठेवलं त्याच्या गळ्यात बांधा. आम्हाला बोलता तेवढं येऊ द्या. बाहेर पाणी चढत असतं.