बिनतोंडाच्या पिशवीतलं कार्ड

मी कार्ड बोलतोय. लोक मला क्रेडिट कार्ड म्हणतात. नाव भारदस्त, वजन मात्र दोन बटणांइतकं. आज माझी एक बाजू कापलेली आहे, कडा घासून गुळगुळीत झाल्यात, तरी दिवसभर मला उसंत नसते. कशी ते ऐका.

जन्म माझा मशीनमधला. हजार भावंडं एका रांगेत, सगळी एकाच तोंडवळ्याची. अंगावर आकडे उमटले, नाव उमटलं आणि पाकिटात बसून मी दोन खोल्यांच्या एका घरी आलो. दार एका आजीनं उघडलं. नाकावर चष्मा, ओठांत सुई. पाकीट उलटंसुलटं करून तिनं हाक मारली, "टाचणे, ये गं! तीनदा नकार पचवले, चौथ्यांदा होकार आला बघ!"

टाचणी म्हणजे तिची नात. वीस वर्षांची, काटकुळी, पण नजर सरळ. टेलरमास्तरांच्या दुकानात काज-बटणं करायची. पगार रोख आणि टीचभर. मास्तर थकले होते. त्यांचं ओव्हरलॉक मशीन तिला हवं होतं. ते मिळालं की कपड्यांच्या कडा घरीच शिवून देता येणार, स्वतःचं काम उभं राहणार. मास्तर म्हणाले होते, "पोरी, दीड वर्ष थांबतो. पुढं माझे गुडघे थांबायचे नाहीत."

मशीनसाठी कर्ज मागायला गेली, तर बँकेतल्या बाई म्हणाल्या, "तुझी पत कुठं नोंदलेलीच नाही. आधी कार्ड वापर, वेळेवर फेड." कार्ड मागायला गेली, तर पगार कमी! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं. शेवटी बाईंनीच वाट दाखवली. बँकेत ठेव ठेवायची आणि तिच्या तारणावर कार्ड घ्यायचं. आजीनं रजया शिवून जमवलेले पैसे काढले. "माझी ठेव घ्या," म्हणाली, "पण पोरीला नाही म्हणू नका."

मला वाटलं, आता आपली चैन! दुकानं बघू, बाजार फिरू. कसलं काय! आजीनं कोटाच्या उरलेल्या अस्तराची पिशवी शिवली, मला आत सरकवलं आणि तोंडही शिवून टाकलं. साधा धावदोरा नाही, चांगली दुहेरी बखिया.

"अगं आजी, काढायचं कसं?"

"उसवायचं. टीप उसवेस्तोवर हौस राहिली, तर ती खरी गरज."

आतला अंधार काय सांगू! तीन महिने मी अस्तर हुंगत पडलो. आजी-नात खुशीत, एक पैसा उधार नाही म्हणून. मग दोघी ऐटीत बँकेत गेल्या. आजीनं पिशवी टेबलावर ठेवली. "बघा बाई, हात लावला नाही!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "आजी, न वापरता पत कशी तयार होणार? पाण्यात न उतरता कुणी पोहायला शिकलंय का?"

आजीनं पिशवी पटकन उचलून घेतली. तीन महिने फुकट गेले होते आणि मास्तरांनी दिलेली मुदत सरत चालली होती. बाहेर पायरीवर बसून आजी पुटपुटली, "माझ्या टाक्यानं तुझं मशीन घालवलं गं." टाचणीनं तिचा चष्मा पदरानं पुसून दिला. "तुझा टाका राहू दे, आजी. उसवायचा वार ठरवू."

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझी सुटका व्हायची. मी फक्त दोऱ्याच्या रिळांच्या दुकानात जायचो. यंत्रात शिरायचो, टुंग वाजायचं, की परत पिशवीत. पगार झाला, की पहिले पैसे माझ्या बिलाचे, पै न पै. घासाघीस नाही, 'पुढच्या महिन्यात बघू' नाही.

एकदाच पाय घसरला होता. लाल बूट! काचेआडून असे खुणावत होते, की मलाही मोह पडला. टाचणी गल्ल्यापाशी गेली, पिशवी काढली. उसवायला हत्यार नाही, म्हणून दातांनी बखिया तोडायला लागली. एक टाका, दोन टाके. मागं गिऱ्हाईकं ताटकळलेली. दुकानदार म्हणाला, "ताई, पैसे काढताय का ऊस सोलताय?" टाचणीला असं हसू फुटलं, की दोरा तोंडातच राहिला. बूट तिथंच सोडून ती घरी आली आणि आजीला सगळं सांगितलं. आजी पोट धरून हसली. मग तिनं पिशवीला आणखी एक टीप घातली.

मास्तरांच्या दीड वर्षाला आठवडा उरला असताना बँकेतून निरोप आला. कर्ज मंजूर! ठेवही परत, आणि तारणाशिवायचं नवं कार्ड! मशीन हातगाडीवरून आलं तेव्हा मास्तर स्वतः मागून चालत आले, काठी टेकत. "दुसरा शिंपी जास्त देत होता," म्हणाले, "पण त्याचे काज वाकडे." आजीनं त्यांना खुर्ची दिली आणि त्यांच्या दुकानातून आणलेल्या एका विजारीची पहिली कड मारून दाखवायला सांगितली टाचणीला. खर्रर्र! असा गोड आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

नवं कार्ड आलं म्हणजे माझे दिवस संपले. जुनं कार्ड कापून टाकायचं असा नियम. टाचणीनं कात्री उचलली. आजी म्हणाली, "थांब. चिपचा चकचकीत चौकोन आणि आकडे तेवढे काप, अंग ठेव." आता मी कापडाची दुमड बसवतो. माझी सरळ कड दाबून फिरवली, की इस्त्रीसारखी घडी पडते. पूर्वी महिन्यातून एकाच सोमवारी बाहेर यायचो, आता रोज.

नवं कार्ड कुठं आहे विचाराल, तर ते माझ्या जुन्या पिशवीत आहे. तोंड शिवलेलंच. मधूनमधून ते आतून विचारतं, "दादा, आज सोमवार ना?"

पोरांनो, आमच्यासारखं कार्ड हाती आलं तर घाबरून डब्यात कोंडू नका, हुरळून उधळूही नका. एक घट्ट टीप घाला आणि उसवायचा वार ठरवा. बरं, येतो. टाचणीनं विजारीचा पाय दुमडलाय, मला हाक आली.