गार पाइपातली ओवी

तापायला लागली की वाफेची ती लाइन गायची.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. कापूरहोळहून भोरकडे वळलेल्या रस्त्याला एक नवा कारखाना उभा राहत होता. सकाळी चाचणीची वाफ सोडत. ऊन चढायचं तसा पाइप तापायचा, आणि बॉयलरपासून यंत्रघरापर्यंत अधांतरी गेलेल्या त्या लोखंडातून बाईमाणसाचा सूर निघायचा. बारीक, ओढलेला, जात्यावरचा. बाकीच्यांना ते नुसतं विव्हळणं वाटे. चिमाजी वेल्डरला मात्र शब्द ऐकू येत.

*माहेराची वाट, माझी नागमोडी…*

साळूबाईचा सूर. दोन पावसाळ्यांपूर्वी तापानं गेलेली त्याची बायको. भोंगवलीच्या घरात ती हीच ओळ म्हणायची आणि तिथंच थांबायची. पुढं नुसती जात्याची घरघर. जिवंतपणी त्यानं कधी विचारलं नव्हतं, पुढं काय गं? आता रोज भर उन्हात तो लाइनीखाली येऊन उभा राही. अंगावर काटा येई, तरी पाय निघत नसे.

साळूचा धाकटा भाऊ ज्ञानू तिथंच व्हॉल्व्हवर कामाला होता.

"दाजी, ही लाइन हाय का अडलेली बाळंतीण? निस्ती कण्हतीया."

"तुला कळतंय लई."

"कळत न्हाई म्हनूनच इचारतो. आज तर डोक्यावरच्या जोडातनं शिट्टी बी मारतीया."

चिमाजीनं वर पाहिलं. जोडातून वाफेचा पांढरा धागा सुटला होता, बरोबर ज्ञानूच्या टाळूवर. काहीतरी ताणलं जात होतं. त्यानं ज्ञानूला बाजूला ओढलं आणि नकाशे काढणाऱ्या मानसिंगची खोली गाठली.

मानसिंगनं टेबलावर दोन नकाशे पसरले. तीच लाइन, तीच तिरकी वळणं.

"हे तर सारखंच की, मानसिंगराव."

"जुळे आहेत, चिमाजी. एक निजलेला, एक जागा. तुमच्या शेडमध्ये येतो तो फॅब्रिकेशनचा. कुठं कापा, कुठं जोडा, लांबी किती. त्यातला पाइप गार असतो. हा दुसरा स्ट्रेसचा, म्हणजे ताणाचा, तो या खोलीतून बाहेर जात नाही. यात सगळी लाइन वाफेनं भरलेली. तापली की कुठं वाढणार, कुठं धरायची, कुठं सैल सोडायची."

त्या दुसऱ्या नकाशात एका खांबापाशी बारीक बाण होता. पाइपाच्या पोटाला लावलेला लोखंडी पाय तिथं तुळईवर नुसता टेकलेला.

"ह्यो बाण कसला?"

"तापल्यावर हा पाय चार बोटं सरकतो."

चिमाजीनं त्या बाणावर बोट ठेवलं. तो पाय त्यानंच तुळईला वेल्डिंग मारून जखडला होता. कुणी सांगितलं नव्हतं. हलत होता म्हणून. चिमाजीच्या हातचं काम हलत नाही, असं भोर तालुक्यात म्हणत.

म्हणजे कण्हणं तिथलं. वेल्डिंग तोडलं की ते थांबणार, आणि साळू दुसऱ्यांदा जाणार. खिडकीतून सूर येतच होता. तो कितीतरी वेळ ऐकत राहिला. मग ज्ञानूचं ते वर वळलेलं हसरं तोंड, साळूसारखं, डोळ्यांपुढं आलं.

"वाफ बंद करा," तो म्हणाला. "पाय म्या बांधलाय."

लाइन निवल्यावर त्यानं स्वतः वर चढून वेल्डिंग कापलं. दुसऱ्या सकाळी वाफ सुटली, तसा तो पाय मुकाट चार बोटं पुढं सरकला, एखादी बाई उंबरा ओलांडते तसा. जोडाची शिट्टी थांबली. सूरही थांबला.

पुढच्या सुट्टीला कारखाना बंद होता. बॉयलर विझलेला, लोखंड सावलीसारखं गार. सवयीनं लाइनीखाली आलेला चिमाजी उगाच वर चढला आणि त्यानं पाइपाला कान लावला.

आणि आतून, अगदी कानाशी, आली. पुढची ओळ.

तो तसाच पायी ज्ञानूच्या घरी गेला. ज्ञानू ओट्यावर विळ्याला धार लावत होता.

"ज्ञानू, *चालू द्या पायाला, नका घालू बेडी*… ही कुणाची रं ओवी?"

ज्ञानूचा हात थांबला.

"आक्काची. पर दाजी, तुमाला कशी ठावी? ही ओळ ती म्हायेरीच म्हनायची. सासरी कंदी न्हाई."