दोरवाल्याचा पट्टा

धाकट्या चुलतभावाचं तोंड पाहणंही दोरवाल्याला नकोसं झालं होतं, आणि तो नेमका कोर्टात समोरच्याच बाकावर पाय पसरून बसला होता. गायरानातला लांबलचक पट्टा गावकमिटीने त्याला घरासाठी देऊन टाकला होता. कमिटीत त्याचा सासरा, मग काय विचारता.

दोर वळायला लांब, सरळ जागा लागते. बायको चाक फिरवणार आणि दोरवाला काथ्या सोडत मागे मागे चालत जाणार. बापाच्या काळापासून हे त्याच पट्ट्यावर चालत आलेलं. पट्टा गेला की धंदा बसला.

जुनी वहिवाट सिद्ध झाली, तर वाटप रद्द होणार होतं. भावाचा वकील गोडबोल्या होता.

“काम संपलं की तिथे काय ठेवता?”

दोरवाल्याची मान ताठ झाली. “काही नाही, साहेब. चाक घरी नेतो, खुंट उपटतो, खड्डे बुजवतो. गावाची जमीन आहे. मागे काडी जरी सापडली तर नाव बदलीन.”

“खुंटसुद्धा नाही?”

“बापाची शिकवण आहे.”

मागे बसलेल्या बायकोने कपाळावर हात मारला. खुंट तिथेच राहू द्या, भाऊ टपून बसलाय, असं सांगून तिच्या घशाला कोरड पडली होती. पण हा पडला सरळमार्गी. असल्या सरळपणाचा संताप येतो. कमिटीच्या पाहणीतही जागा तळहातासारखी स्वच्छ दिसली होती. वहिवाटीची एकही खूण नाही, असं म्हणून कोर्टाने पट्टा भावाला दिला.

बाहेर भाऊ म्हणाला, “मनाला लावून घेऊ नकोस, दादा.”

“दादा म्हणू नकोस. थोबाड फोडीन.”

ताबा घ्यायला बेलीफ सकाळीच आला. सोबत पोलीस, पहारी, ट्रॅक्टर, सगळा लवाजमा. पट्ट्यावर नवराबायको नुसते उभे होते. चाक अजून घरातच होतं.

बेलीफ इकडेतिकडे बघत राहिला. “हटवायचं काय आहे?”

“हा एवढाच,” भाऊ दोरवाल्याकडे हनुवटी उडवत म्हणाला.

दोन शिपायांनी दोरवाल्याचे दंड धरले आणि त्याला फरफटत रस्त्यावर आणून सोडलं. भावाला तो वाटभर शिव्या घालत होता. रस्त्यावर उभा राहिल्यावर त्याने जन्मात पहिल्यांदा मेलेल्या बापाला शिवी घातली, आणि बायकोने त्याला अडवलं नाही.