हलता पाय

आमच्या कॉलेजात ‘भावनिक बुद्धिमत्तेतून नेतृत्वविकास’ अशा शिबिराचा फलक लागला, तेव्हा हसलो तो मी एकटाच. मी रसायनशाळेत परीक्षानळ्या धुणारा. मला कोण विचारतो. बाकी सगळे एकमेकांच्या उरावर बसले होते. शिबिरात पहिला येईल तो विद्यार्थी-प्रतिनिधी होणार होता, आणि समितीत दोन विरुद्ध दोन मतांवर अडकलेली वाचनखोली राहणार की जाणार, हे त्याच्या एका मतावर ठरणार होतं. प्राचार्यांना तिथं दुपारी आडवं व्हायला कक्ष हवा होता. दिवाणाचं मापसुद्धा घेऊन झालं होतं.

शेवटी उरले दोघे. एक साय, प्राचार्यांचा सख्खा भाचा. दूध कुठलंही असो, हा वर यायचाच. दुसरी ठिणगी, फाटकावरच्या पहारेकऱ्याची लेक. घरी एका खोलीत सात माणसं, त्यामुळे तिचा सगळा अभ्यास वाचनखोलीतच. ती चिडली की माझ्याकडचा बर्नर काडी न लावता पेटायचा.

शिबिर घेणाऱ्या बाईंनी दोघांना टेबलाशी समोरासमोर बसवलं. “पाळीपाळीनं टोचून बोलायचं. ज्याचा आवाज चढेल तो हरला. आपला राग आवरा आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखा.” वेळ मोजायला मला घड्याळ घेऊन उभं केलं.

सायनं हसत सुरुवात केली. “बाप फाटक उघडतो, लेक खोली उघडी ठेवणार. घराण्याचा धंदाच दिसतोय.”

ठिणगीनं राग गिळला. इतका गिळला की तिच्या खुर्चीचे चारही पाय इंचभर फरशीत गेले. खड्डे अजून आहेत, हवं तर बोट घालून बघा.

“पुढे?” ती म्हणाली.

“वह्या मागून शिकणाऱ्यांनी पुढारपण करू नये.”

“हे तुझं नाही, पाठ केलेलं आहे. पुढे?”

साय अडखळला. ठिणगी खाली वाकली, पडलेलं पेन उचललं आणि सावकाश वर आली.

“झाली का माझी पाळी? तुझा उजवा पाय केव्हाचा शिलाई मशीनसारखा चाललाय. तोंड हसतंय, पाय रडतोय. हरलास तर मामा घरात घेणार नाहीत, हो ना?”

“मी कुणाच्या बापाला भीत नाही!” साय असा गरजला की माझं घड्याळ बंद पडलं.

बाईंनी ठिणगीचं नाव लिहिलं, पण तोंड वाकडं करून. “भावना ओळखतेस. पण त्याचं काय झालं असेल याचा विचार केलास?”

“केला. म्हणूनच तर बोलले,” ठिणगी म्हणाली.

दोन दिवसांनी समितीची बैठक भरली. मी पाण्याचे पेले ठेवायला आत होतो. मताची वेळ आली तसे प्राचार्य गोड आवाजात म्हणाले, “विचार करून हात वर कर हो, मुली. तुझे वडील अजून आमच्याच फाटकावर आहेत.”

ठिणगीचे कान लाल झाले.  तेवढ्यात टेबलावरचे पेले खुळखुळायला लागले. तिनं हळूच वाकून टेबलाखाली पाहिलं आणि तिला हसूच आलं.

“सर, भाच्याचा उजवा हलतो. तुमचे दोन्ही हलतायत.”

समितीतली बाकीची माणसं खाली वाकली. प्राचार्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरून ठेवले.

“माझे वडील फाटक सोडायला घाबरत नाहीत,” ती म्हणाली. “त्यांना का काढलं हे बाहेर कळेल, याला तुम्ही घाबरताय.” आणि तिनं वाचनखोलीच्या बाजूनं हात वर केला.

पहारेकरी अजून फाटकावरच आहे. दिवाण काही आला नाही. दुसऱ्या दिवशी बैठकीच्या टेबलावर मात्र एक कापड आलं, चारही बाजूंनी जमिनीपर्यंत लोळणारं.