आल्प्सचा उलटा शाळिग्राम

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. जुना म्हणजे पंधरा कोटी वर्षांचा. तरी मला कुणी ‘अहो’ म्हणत नाही, पण ते मी मनाला लावून घेत नाही.

टेथिस नावाच्या समुद्राच्या तळाशी, चिखलात माझा जन्म झाला. तिथे गुंडाळीदार शंखाचा एक प्राणी माझ्यात पडला, तो राहूनच गेला. पुढे आफ्रिका सरकत सरकत युरोपवर आदळली. सॉरी म्हणाली नाही. समुद्र मिटला, थर सतरंजीसारखे दुमडले, आल्प्स उभा राहिला आणि मी त्यात पार उलटा झालो. पोट वर, पाठ खाली. सवय झाली.

या जुलैत भूशास्त्र शिकणाऱ्या प्रीताने मला तिथून उचललं. त्याआधी माझ्या वरच्या अंगावर मार्करने उत्तरेकडे बाण काढला. डोंगरात माझी कुठली बाजू वर होती, त्याची ती खूण; मी उलटा आहे, हेच तिला प्रबंधात सिद्ध करायचं होतं. तो बाण गेला तर मी कुठलाही दगड, आणि तिची दोन वर्षं वाया.

इंग्लंडात, श्रूजबरी गावी काकांकडे मला टेबलावर ठेवून ती कॉलेजला गेली. नीलाकाकूंनी माझी गुंडाळी पाहिली.

“अगंबाई, शाळिग्राम! पोरीने सांगितलंसुद्धा नाही!”

त्यांनी मला लिंबू-मिठाने घासलं. मी चुनखडीचा, आंबट लागलं की फेस येतो. काकूंना वाटलं, देव प्रसन्न झाला. देवघरात बॅटरीच्या समईशेजारी मला जागा मिळाली. रोज नैवेद्य. आल्प्समध्ये कुणी साधं पाणी विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरात प्रीता आली.

“काकू, माझा रॉक कुठंय?”

“देवघरात. आत्ताच जेवलाय.”

“तुम्ही वॉश केला? माझा ॲरो! उद्या थीसिसचा डिफेन्स आहे, काकू!”

“तो काळा डाग? निघाला की.”

प्रीताने मला देवघरातून उचललं आणि ती रडायला लागली.

“रडतेस काय? कुणीतरी वाकडंतिकडं गंध लावलं होतं त्याला. निघालं तसं लगेच त्याच जागी, तस्संच लावलं. देवाचं गंध आपल्या मनाने बदलू नये. तेव्हापासून रोज लावतेय.”

प्रीताने भिंग लावलं. चंदनाच्या बाणाखाली मार्करची पुसट रेघ होती. टोकाला टोक.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी मला हुंगून पाहिलं, चंदनाचं कारण विचारलं नाही. मी उलटा ठरलो. प्रीता पास झाली.

मी परत देवघरात आलो. आता काकू मला सुलटा ठेवतात. गंधाची बाजू खाली गेली, म्हणून गंध लावायला तेवढं उचलतात. कोट्यवधी वर्षांनी पाठ वर आली, जरा गरगरतं.

मित्रांनो, दगड घरी आणलात तर तो कुठे, कसा पडला होता ते लिहून ठेवा. आणि घासण्याआधी एक फोन करा. घाई कसली? आफ्रिका अजून ढकलतेच आहे, पण हळूहळू.