भाकरी कोणी थापली?

मित्रांनो, घरातला जुना पानाचा डबा कधी उघडलात, तर तळाशी चाचपून पाहा. चुन्याच्या डबीशेजारी बोटांना काहीतरी गार लागेल. तोच मी, एक म्हातारा अडकित्ता. अंग पितळेचं, पातं पोलादाचं आणि डोक्यावर इवलासा मोर. मोराची चोच मात्र कधीच झिजून गेली आहे.

निजामाच्या राज्यात भोकरदनच्या एका लोहारानं मला घडवलं. आठवडी बाजारातून केदारखेड्याच्या रखमाजीनं मला घरी आणलं आणि आपल्या आईच्या, झुंबरबाईच्या, हातावर ठेवलं. माझा खिळा सैल आहे की घट्ट, हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची. दर अमावास्येला तेलाचं एक बोट मला मिळायचंच. आलेला पाहुणा आधी पाणी पिई, मग मला हातात घेई. सुपारी कातरता कातरता पावसापाण्याच्या, बैलबारदानाच्या गोष्टी निघत. खरं सांगतो, माणसाचं मन मला त्याच्या तळव्यातून कळायचं.

पण माझा खरा मान वेगळाच होता. आमच्याकडे लग्न ठरलं की सुपारी फोडतात. एकदा ती फुटली की शब्द पक्का. मग मागं फिरणं नाही.

रखमाजीची लेक साळू लग्नाची झाली, तेव्हा नात्यातला रामकिसन एक स्थळ घेऊन आला. पोरगा जालन्यात, स्टेशनाजवळच्या कापसाच्या कारखान्यात कामाला. रामकिसनची जीभ म्हणजे नुसती साखर.

"घरात माय-लेक दोघंच. मायचे बिचारीचे डोळे गेलेत. साळू गेली की घराची मालकीणच! सुपारी आजच फोडून टाका, रखमाजी. असं स्थळ थांबत नसतं."

रखमाजी भुलला. नातेवाईक माणूस फसवील कशाला? ताट आलं, ताटात अख्खी सुपारी आली. दाराआड साळू पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. रामकिसन मात्र पानापुरती सुपारी माझ्यात कातरत होता, कच् कच्, अगदी एका लयीत.

झुंबरबाई म्हणाली, "दमून आलात. त्यांच्या घरी जेवलात तरी का?"

"जेवलो म्हंजे? पोटभर! काय भाकरी होती मावशी! पातळ, पापुद्रा सुटलेली. तव्यावरून बराबर ताटात!"

"अगं बाई! मंग थापली कुणी?"

मी मध्येच थांबलो. म्हणजे रामकिसनचा हात थांबला. अर्धी चिरलेली सुपारी माझ्या दातात तशीच राहिली.

"त्याच्या... चुलतीनं."

"आत्ता तर दोघंच म्हणालात."

"आल्ती ती, पाहुणी."

"असं व्हय. नाव काय तिचं?"

रखमाजी ओशाळला. "माय, पाहुण्याला कशाला छळून राह्यलीस?"

"छळतेय कशाची? चांगल्या भाकरीचं नाव इचारते. न्हाई सांगायचं तर न्हाई." झुंबरबाई हसली. रामकिसन काही हसला नाही. त्याचा तळवा घामानं ओला झाला होता आणि माझं पितळ निसटू लागलं होतं.

झुंबरबाईनं ताटातली सुपारी उचलून कनवटीला लावली. "पाणी प्या. माझा लेक जालन्याला जाऊन येईल. मंग बघू."

रखमाजी कुरकुरतच गेला. परतला तो मान खाली घालून. माझ्याशेजारी बसून त्यानं आईला सांगितलं, "दार एका बाईनं उघडलं, माय. हाताला पीठ, गळ्यात काळी पोत. म्हणाली, मालक कामावर गेलेत. लग्नाची बायको हाये त्याची. तिला तर पत्ताच न्हाई." दाराआड साळूनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

मित्रांनो, ओला तळवा म्हणजे खोटेपणा, असं मात्र धरून चालू नका. पुढं कडूबा नावाचे एक शेतकरी आपल्या मुलासाठी आले. त्यांचा तळवा तर इतका ओला होता, की सुपारी दोनदा निसटून चुलीकडे गेली. झुंबरबाईनं विचारलं, "पोरगा रागीट हाये का?"

कडूबा गोंधळले. "हाये जरासा. बैल अडला की वरडतो. मारत मात्र न्हाई."

"आन् दारू?"

"माझ्यासमोर तरी न्हाई. गावात इचारून घ्या, बाई. मी बाप हाये, मला सगळं बरंच दिसणार."

झुंबरबाई दाराकडे वळली. "साळे, काय म्हणतेस?"

दाराआड बांगड्या वाजल्या. "आजी, आधी गावात इचारून घ्या."

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं कडूबाच हसले. विचारपूस झाली, साळूनं मान हलवली आणि मग कनवटीची ती सुपारी माझ्या पात्याखाली आली. इतका गोड आवाज मी पुन्हा कधी केला नाही.

आता माझा खिळा गंजला आहे. जमलं तर तेलाचं एक बोट लावा. आणि कोणी गोड बोलून तुमची घाई करू लागलं, तर चिडू नका, भांडू नका. सुपारी जरा कनवटीला लावा आणि हसून एवढंच विचारा, भाकरी कोणी थापली?